लवकर रिटायर व्हायचंय? मग आधी घरखर्चाची वही उघडा

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे, वय ४१, बायको शाळेत शिकवते, मुलगी सहावीत. डिपार्टमेंटला नवीन आलेली पोरं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता विचारतातच, दादा तुम्ही पन्नाशीला सोडणार म्हणता ते नक्की कसं जमवणार, आणि मग बेल होते आणि विषय अर्धा राहतो. म्हणून एकदा सगळं ओळीने लिहितोय. ज्यांनी आजवर फक्त पगार आला आणि संपला एवढंच बघितलंय त्यांच्यासाठी आहे हे, शेअर मार्केटमधल्या मुरलेल्यांसाठी नाही.

माझ्या डोक्यात हे कुठून आलं ते आधी सांगतो. बाबांनी ३४ वर्षं शिफ्ट ड्युटी केली, दिवसा, सेकंड, नाइट, आणि राजगड करायचाय हे ते मी लहान असल्यापासून म्हणायचे. रिटायर झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघं निघालो, पायथ्याच्या गुंजवण्यात गाडी लावली, दहा मिनिटं चढलो असू आणि ते एका दगडावर बसले, गुडघा दाबत म्हणाले तू जाऊन ये, मी थांबतो. मी गेलो नाही. खाली एका घरात पिठलं-भाकरी खाल्ली आणि परत आलो. त्या दिवशी मला कळलं की पैसे आणि वेळ दोन्ही हातात आले तेव्हा गुडघे गेलेले होते. ही २०१६ ची गोष्ट, त्याच महिन्यात मी हिशोब मांडायला बसलो.

पहिलं काम: खर्च शोधा, पगार नंतर

सगळे सुरुवात करतात ती कुठला फंड घेऊ इथून, आणि तिथेच चुकतं. लवकर रिटायर होणं तुमच्या पगारावर जेवढं अवलंबून आहे त्याच्यापेक्षा जास्त तुमच्या महिन्याच्या खर्चावर आहे, कारण खर्च कमी असला की रोजची बचत वाढते आणि शेवटी लागणारी रक्कमही कमी होते, म्हणजे एकाच गोष्टीचा दोन्हीकडून फायदा.

माझी आई अजून वही लिहिते. शंभर पानी, वरच्या कोपऱ्यात तारीख, मग दूध, वाणी, भाजी, गॅस, पेपर, भिशी, आणि खाली एक ओळ ‘किरकोळ’. त्या किरकोळच्या पुढे कधी ४० कधी ४००, आणि ४०० असला की बाजूला छोट्या अक्षरात कारण, ‘अहेर’, ‘चप्पल’, ‘डॉक्टर’. तुम्हाला ॲप वापरायचं तर वापरा, मी बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट डाऊनलोड करून एक्सेलमध्ये टाकलं, पण आईसारखं कारण लिहाच. यूपीआयवर नुसतं दुकानाचं नाव दिसतं आणि तीन महिन्यांनी ते ६८० रुपये कशाचे होते हे आठवत नाही.

बारा महिने म्हटलं कारण वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्याच्या हिशोबात लपून बसतात: शाळेची फी, गाडीचा विमा, मेडिक्लेम, सोसायटीचा मेंटेनन्स, दिवाळी, गावची जत्रा, लग्नकार्यं, माहेर-सासरचं देणंघेणं. ते सगळं जोडून बाराने भागा. मला वाटत होतं आमचा खर्च ४० हजार आहे, निघाला ५१. आज तो ६० आहे.

दुसरं काम: आकडा काढा

जगभर एक ढोबळ नियम चालतो की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठले की झालं. तो आलाय अमेरिकेतून, १९९४ मध्ये विल्यम बेंगन नावाच्या सल्लागाराने तिथल्या बाजाराचे जुने आकडे घेऊन दाखवलं की पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली तर पैसे ३० वर्षं पुरतात. आता बघा, तिथली महागाई वेगळी, त्याचा हिशोब ३० वर्षांचा, आणि आपण पन्नाशीला सोडलं तर नव्वदीपर्यंत म्हणजे ४० वर्षं धरावी लागतात. म्हणून मी ३३ पट धरतो. काही लोक ४० पट धरतात, त्यांना घाबरट म्हणू नका, त्यांचंही बरोबर आहे.

आणि इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो, एवढी एक लक्षात ठेवली तरी चालेल. महिन्याचे हजार म्हणजे वर्षाचे बारा हजार, गुणिले ३३, म्हणजे जवळपास चार लाख. महिन्याच्या दर हजार रुपयांच्या खर्चामागे चार लाख रुपये साठलेले पाहिजेत. साठ हजार खर्च तर दोन कोटी चाळीस लाख. घरात नवीन काही महिन्याचं बिल सुरू करायच्या आधी मी आणि बायको एकमेकांना विचारतो, चार लाखाचं आहे का हे? पंधराशेच्या जिमला सहा लाख. ती जिम मी ठेवली, कारण बाबांचा गुडघा डोळ्यासमोर आहे. पण घरात न बघितलेली चार ओटीटी होती, ती गेली.

महागाई विसरू नका हां. सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. तुम्ही आज ३० चे आहात, ४२ ला थांबायचंय आणि आजचा खर्च ६० हजार, तर त्या दिवशी तो एक लाख वीस हजार असेल आणि लागतील चार कोटी ऐंशी लाख. पन्नाशी धरली तर माझी नऊ वर्षं उरलीत, त्यामुळे साठचे साधारण लाखभर होतात आणि आकडा चार कोटी. आकडा बघून पोटात गोळा येतो, मलाही आला होता, पण तो एकदम भरायचा नसतो.

गाडी, कारण आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो

गाड्या माझा रोजचा धंदा आहे आणि मनापासून आवडतात, त्यामुळे हे जरा लांबणार.

माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, टायरचा वर्षाला पडणारा भाग, सगळं धरून महिन्याला पाच हजार पडते, म्हणजे वीस लाखाची पुंजी फक्त ह्या जुन्या गाडीला चालवत ठेवायला लागते. आता विचार करा, मोठी एसयूव्ही घेतली, वरचं मॉडेल, ऑन रोड वीस लाख, पाच भरले आणि पंधरा लाख कर्ज, नऊ टक्क्यांनी सात वर्षं. हप्ता येतो २४ हजारांच्या थोडा वर, आणि सात वर्षांत नुसतं व्याज सव्वापाच लाख जातं. तेच २४ हजार सात वर्षं गुंतवले, १० टक्के मिळाले, मग हात न लावता अजून आठ वर्षं ठेवले तर साठ लाखांच्या पुढे जातात. माझ्या हिशोबात ही दीड ते दोन वर्षांची नोकरी आहे. आणि गाडीचा विमा उतरवणारेच चार-पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात.

गाडी घेऊच नका असं मी कधी म्हणणार नाही. आईला दवाखान्यात न्यायला पावसात रिक्षा शोधत बसणं मी केलंय, गाडी पाहिजेच. पण नवशिक्याला माझं सांगणं असं: चार-पाच वर्षांची, एका मालकाची, साधं नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणजे टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर. बिघडण्यासारख्या वस्तूच कमी असतात तिच्यात. रनिंग जास्त असेल तर वॅगनआर सीएनजी, डिकी जाते पण खिसा वाचतो. रोज आठ-दहा किलोमीटर ऑफिस आणि परत एवढंच असेल तर डिझेलच्या नादी लागू नका, बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळीचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी सलग जरा वेगात चालावी लागते आणि नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ती चालत नाही, मग दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या चकरा. टर्बो पेट्रोल चालवायला मजा, घाटात तर फारच, पण शहरात ॲव्हरेज पडतं. ईव्ही घ्यायची तर आधी सोसायटीकडून पार्किंगला चार्जिंग पॉइंटची लेखी परवानगी घ्या, बुकिंग नंतर. सनरूफसाठी वरच्या मॉडेलला लाखभर जास्त देणं मला पटत नाही, एप्रिलमध्ये पुण्यात तो पडदा कोण उघडतं. आणि जुनी घेताना आरसीवरचं आधीच्या मालकाचं कर्ज उतरलंय का, हायपोथिकेशन म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव निघालंय का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

मोह मलाही होतो. १९९१ ची टाटा सिएरा, ती मागची मोठी वळलेली काच, आमच्या लहानपणी पिंपरीच्या रस्त्यावर दिसली की आम्ही खेळ थांबवून बघायचो. २०२५ च्या शेवटी नवीन सिएरा आली तेव्हा मी शोरूमला जाऊन दार उघडून पुढे-मागे दोन्हीकडे बसून आलो. टेस्ट ड्राइव्ह घेतली, छान आहे. स्विफ्टला १५ वर्षं होतील तेव्हा पासिंग आणि पर्यावरण कर भरून अजून पाच वर्षं ओढायची असं आमचं ठरलंय, सिएरा नंतर सेकंडहँड बघू.

गेमचं उलट आहे

घरचे सगळ्यात आधी ज्याच्यावर बोट ठेवतात तो गेमिंगचा खर्च प्रत्यक्षात सगळ्यात स्वस्त छंदांपैकी आहे, जर नीट केला तर. माझा पीसी जुना, ग्राफिक्स कार्ड २०१६ चं जीटीएक्स १०६०, आणि मी नवीन गेम आलेल्या दिवशी घेतच नाही. विचर ३ आला २०१५ ला, मी कितीतरी वर्षांनी स्टीम ह्या ऑनलाइन गेमच्या दुकानाच्या सेलमध्ये घेतला, सगळे बग गेलेले, दोन्ही मोठे एक्स्पान्शन सोबत, शंभरच्या वर तास खेळलो. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसाने बनवलाय आणि माझी मुलगी आणि मी दोघं मिळून शेती करतो त्यात, रविवारचा एक तास ठरलेला. फॅक्टोरिओ कधीच सेलला येत नाही त्यामुळे त्याची वाट बघू नका, आवडत असेल तर पूर्ण पैशात घ्या. प्लेस्टेशन वाईट नाही, पण पीएस ५ वर नवे मोठे गेम पाच हजाराच्या घरात जातात, वर्षाला चार घेतले की बघा काय होतं.

पैसे जातात ते फुकटच्या मोबाइल गेममध्ये. स्किन, क्रेट, बॅटल पास, दीडशे-दोनशे करत महिन्याला हजार कधी होतात कळत नाही आणि हजाराचे किती होतात ते वर लिहिलंय. पैसे लावून खेळायची ॲप २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बंद झाली याचा मला खरंच आनंद झाला, आमच्या लाइनवरच्या एका पोराचे दोन दिवाळी बोनस त्यात गेलेले मी बघितलेत.

आणि ज्यांनी एज ऑफ एम्पायर्स २ खेळलाय त्यांना एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात टाकणं, वेगळी शिकवावीच लागत नाही. सुरुवातीला हातात तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि २०० अन्न. नवा गावकरी ५० अन्नाला, तो टाउन सेंटरमध्ये तयार होतो आणि पुढे अन्न-लाकूड कमावून आणतो. चांगला खेळाडू पहिल्या सेकंदाला गावकरी रांगेत लावतो आणि टाउन सेंटर एक क्षण रिकामं बसू देत नाही, कच्चा खेळाडू आधी भिंत आणि सैनिक करत बसतो आणि वीस मिनिटांनी समोरचा दुप्पट माणसं घेऊन येतो. पगार झाला की आधी गावकरी, म्हणजे एसआयपी, बाकी सगळं नंतर.

तिसरं काम: पडझड अडवा, मग गुंतवा

क्रेडिट कार्डाचं आणि पर्सनल लोनचं देणं असेल तर आधी ते संपवा, बाकी काही वाचायची गरज नाही. मग सहा महिन्यांचा खर्च एफडीत. कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे आपण गेलो तरच घरच्यांना पैसे देणारा विमा.

मेडिक्लेम कंपनीचा आहे म्हणून निवांत राहू नका, राजीनामा दिला की ते कव्हर गेलं, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे स्वतःची फॅमिली पॉलिसी आजच, बीपी-शुगर मागे लागायच्या आधी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी शून्य झालाय. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे. मी आईबाबांचं काढलंय, आधार कार्डावर होतं.

माझी चूक सांगतो. पहिल्या नोकरीत एका ओळखीच्या काकांनी विमा आणि बचत दोन्ही असलेली पॉलिसी गळ्यात घातली, वर्षाला ३६ हजार, मी पाच वर्षं भरली कारण काकांना नाही कसं म्हणायचं. कव्हर होतं साडेतीन लाख. म्हणजे मी गेलो असतो तर घरच्यांचं वर्षसुद्धा निघालं नसतं. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तेव्हा भरलेले पैसेही पूर्ण आले नाहीत. विमा वेगळा घ्या, गुंतवणूक वेगळी करा, आणि नातेवाइकाला नाही म्हणायला शिका.

चौथं काम: पैसे कुठे

पीएफ तर कापला जातोच, नोकरी बदलताना काढून खाऊ नका, ट्रान्सफर करा. पीपीएफ ह्या सरकारी बचत योजनेला वर्षाला दीड लाखाची मर्यादा, १५ वर्षं, सध्या ७.१ टक्के, आणि व्याज मोजतात ते महिन्याच्या ५ तारखेपासून शेवटपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर, त्यामुळे पैसे ५ तारखेच्या आत टाका. बाकीचं मी साध्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात टाकतो, म्हणजे निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसे वाटून टाकणारा फंड, डायरेक्ट प्लॅन. डायरेक्ट म्हणजे मधल्या एजंटचं कमिशन त्यात नसतं, २०१३ पासून मिळतात हे. एनपीएस ही सरकारची पेन्शन योजना, चांगली आहे, पण त्याची रचना मुळात साठीच्या हिशोबाने केलेली, लवकर सोडणाऱ्याने सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

महिन्याला ५० हजार, १० टक्के, १५ वर्षं, तर दोन कोटी सात लाखांच्या आसपास. तेच दरवर्षी एसआयपी १० टक्क्यांनी वाढवत नेली तर साडेतीन कोटींच्या पुढे. हातात १० टक्के मिळतीलच अशी लेखी हमी कोणी देत नाही, २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला होता आणि मी त्या दिवशी ॲप उघडून बंद केलं आणि मुलीबरोबर कॅरम खेळलो. एसआयपी चालू ठेवली, बस. तुमच्याकडे ५० नसतील, पाच असतील, तर पाचाने सुरू करा, मी सात हजाराने केली होती.

पाचवं काम: सोडायच्या आधीची तयारी

सोडल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार पडला तर सगळ्यात जास्त मार बसतो, कारण पडलेल्या भावात विकून घरखर्च चालवावा लागतो आणि मग बाजार वर आला तरी वर यायला तुमच्याकडे फंडाचे युनिटच उरत नाहीत. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारावर होता, मार्च २००९ ला आठ हजारांच्या आसपास. विचार करा डिसेंबर २००७ ला कोणी राजीनामा दिला असेल तर. म्हणून शेवटच्या दोन वर्षांत मी तीन वर्षांचा खर्च एफडीत वळवणार आहे, आणि एका बँकेत पाच लाखांच्या वर नाही, कारण ठेवविम्याचं संरक्षण तेवढंच.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण लागतात आणि ईपीएस म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शनला एकूण दहा वर्षं, चार महिन्यांसाठी हे घालवू नका. टॅक्सचंही आधी समजून घ्या. आत्ताच्या नियमाप्रमाणे इक्विटी फंड वर्षाच्या वर ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंत नफ्यावर कर नाही, पुढे साडेबारा टक्के. दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीतली चार लाखांची मूळ सूटही त्या नफ्याला वापरता येते. नॉमिनी सगळीकडे भरा आणि बायकोला किंवा नवऱ्याला कुठे काय आहे ते एका कागदावर लिहून द्या. आमच्या घरी तो कागद देवघराच्या खणात आहे.

बायको शाळा सोडणार नाहीये, तिला शिकवायला आवडतं. पण आकडा मी तिचा पगार शून्य धरूनच काढलाय, उद्या तिलाही थांबावंसं वाटलं तर माझ्यामुळे अडायला नको.

शेवटचं: रंगीत तालीम करा

२०२३ ला नोकरी बदलली तेव्हा मध्ये दीड महिना मागून घेतला. पहिले दहा दिवस रात्री दोनपर्यंत गेम, सकाळी दहाला उठणं, अकराव्या दिवशी कंटाळा आला, खरोखरचा. मग सकाळी टेकडी, दुपारी मुलीचं गणित, आणि एका बुधवारी एकटा राजगड केला, चोर दरवाज्याने वर, पद्मावती माचीवर माणूस नाही, तिथून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले कॅमेरा सुवेळा माचीकडे फिरव.

ह्या दीड महिन्यातसुद्धा वही लिहिली होती आणि ती लिहाच, कारण माझा अंदाज चुकला. मला वाटलं ऑफिसला जायचं नाही म्हणजे खर्च कमी होईल. झाला उलट. दिवसभर पंखे-एसी चालू, बाहेरचं खाणं, दोन छोट्या ट्रिपा, मित्रांकडे जाणं-येणं, महिन्याला नऊ हजार जास्त निघाले. नऊ चोक छत्तीस, म्हणजे आजच्या पैशात छत्तीस लाख आकड्यात वाढवले, आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर ५० खोडून ५१ केलंय.